गाडी, सायकल आणि पाट : वाठार ते वसगडे, चार दिवस

सांगलीहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की भिलवडीपासून कराडपर्यंत रुळांच्या कधी या अंगाला तर कधी त्या अंगाला एक पाट अधूनमधून दिसत राहतो. लहानपणापासून मी तो खिडकीतून पाहत आलो आहे. हा कृष्णा कालवा. कराडच्या वरच्या अंगाला खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घालून १८६० च्या दशकात तो काढला गेला आणि आजही त्याचे पाणी शिवारात फिरते. माझे थोरले मामा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना ते म्हणाले, "तीस वर्षं पाटावर काढली, पण माझी हद्द ठरलेली होती. मुखापासून टेलापर्यंत सलग पाट काही मी बघितला नाही." त्यांच्या या बोलण्यातून आमचा प्रवास ठरला.

माझीही एक इच्छा बाकी होती. वाठार आणि लोणंद यांच्यामधला रेल्वेचा घाट मला दिवसाउजेडी पाहायचा होता, कारण आमचा पुण्याचा प्रवास बहुधा रात्रीच्या गाडीने होतो. दोन्ही गोष्टी जुळवून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातले चार दिवस आम्ही काढले. घडीच्या दोन सायकली घेतल्या, एक माझी आणि एक माझ्या मुलीची. चढाला गाडी, उताराला आणि सपाटीला सायकल, असा साधा नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला.

पहिला दिवस : सांगली, वाठार, लोणंद, सातारा

पहाटेच्या पॅसेंजरने निघालो. सायकली घडी घालून ताडपत्रीच्या पिशव्यांत बांधल्या होत्या. या पिशव्या गावभागातल्या एका शिंप्याकडून मापाने शिवून घेतल्या होत्या आणि त्यांना खांद्यावर अडकवायला रुंद पट्टे लावले होते. डब्याच्या टोकाला, येण्याजाण्याची वाट मोकळी राहील अशा बेताने त्या उभ्या केल्या आणि मोकळ्या पट्ट्याने दांडीला आवळल्या.

कराडच्या पुढे हरभऱ्याच्या डहाळ्यांची पाटी घेऊन एक आजी चढल्या. साताऱ्याच्या मंडईत बसायला चालल्या होत्या. पाटी खाली ठेवून त्यांनी आमच्या पिशव्यांकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "शिलाई मशीन हाय का यात?" सायकल आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. मामांनी पिशवीचे तोंड सोडून घडी केलेले चाक दाखवले, तेव्हा त्यांनी त्यावरून हात फिरवला. "घडीची सायकल! आमचं मालक असते तर लई खूश झाले असते. त्यांनी जन्मभर सायकलवरनंच दूध घातलं." मग साताऱ्यापर्यंत त्या आपल्या यजमानांच्या सायकलीबद्दल बोलत राहिल्या. उतरताना त्यांनी दोन जुड्या डहाळे मामांच्या मांडीवर ठेवले आणि पैसे घेतले नाहीत.

सातारा सोडल्यावर जरंडेश्वराचा डोंगर बराच वेळ खिडकीत राहिला. वाठारला उतरलो तेव्हा ऊन कोवळे होते आणि हवेत चांगलाच गारठा होता. आज हे स्थानक शांत वाटते. परंतु रेल्वे आल्यानंतरच्या काळात महाबळेश्वरला जाणारी मंडळी इथेच उतरत आणि टांग्याने वाईमार्गे डोंगर चढत. फलाटावरच्या एका झाडाखाली आम्ही सायकली उघडल्या. मामांना बिजागरीची खीळ बसवायचा सराव नव्हता, म्हणून मी पुढे झालो. पण "माझी मी लावणार" म्हणून त्यांनी ती तीन वेळा काढून घातली आणि नंतर चारही दिवस मला हात लावू दिला नाही.

वाठारहून सालप्याच्या घाटाने लोणंदला उतरणे हा जवळजवळ फुकटचा आनंद आहे. डांबरी रस्ता वळणे घेत खाली जातो, आणि दरीच्या पलीकडे लोहमार्ग डोंगराच्या कुशीत शिरतो, बोगद्यात नाहीसा होतो आणि अनपेक्षित जागी पुन्हा बाहेर येतो. घाटाच्या मध्यावर आम्ही थांबलो असताना खालून एक मालगाडी वर चढत आली. तिचे पुढचे टोक एका वळणावर दिसत होते, मागचे टोक अजून आधीच्या वळणावर होते, आणि मधली गाडी डोंगराआड होती. मामा डबे मोजायला लागले. अठ्ठावन्नपर्यंत मोजून झाले आणि मग गाडी झाडीत गेली.

घाटाच्या पायथ्याशी मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. कळपामागच्या धनगराने आमच्या सायकलींच्या लहान चाकांकडे पाहून "पोरांच्या घेऊन आलाय काय?" असे विचारले. मामांनी त्याला बसवून एक फेरी मारायला लावली. उंच देहाचा तो गडी गुडघे बाहेर काढून वीस पावले गेला आणि परत येऊन अगदी गंभीरपणे म्हणाला, "हलकी हाय. पण चढाला ही माणसाला न्यायची, का माणसानं हिला न्यायची?" आमचा नियम त्याला सांगितला, तो त्याला पटला.

लोणंद कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवरचे मुक्कामाचे गाव आहे. इथे एका खाणावळीत बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि कच्चा कांदा असे जेवलो. दुपारी पुण्याकडून येणारी गाडी पकडून, सकाळी ज्या दरीच्या काठाने उतरलो तीच दरी आता रुळांवरून चढलो. हा अर्धा-पाऊण तास मला पुन्हा पुन्हा आठवतो. सकाळी रस्त्यावरून लोहमार्ग पाहिला होता, आता खिडकीतून रस्ता दिसत होता. आम्ही थांबलो होतो ते वळण, धनगर भेटला ती जागा, मालगाडी नाहीशी झाली ती झाडी, सगळे ओळखीचे झाले होते. बोगद्यातून बाहेर पडताना कलते ऊन एकदम डब्यात येई आणि समोरच्या बाकावरच्या लेकराचे डोळे मिटत. घाट नुसत्या गाडीने पाहिला असता तर तो एक चांगला देखावा झाला असता. सायकलीने आधी उतरल्यामुळे त्यातली जागा न् जागा आपली वाटत होती.

(घाट पाहायचा असेल तर मागच्या डब्यांत बसावे, म्हणजे वळणांवर इंजिन दिसते. दारात उभे राहू नये. खिडकी पुरेशी आहे.)

साताऱ्याचे रेल्वे स्थानक गावापासून बाजूला, माहुलीजवळ आहे. नवख्या माणसाला ही अडचण वाटते. सायकल सोबत असल्यावर मात्र तीच सोय होते, कारण कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम तिथून जवळ आहे. संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधले. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. घाटाच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून मामा म्हणाले, "उद्या कराडला हेच पाणी भेटणार बघ. परवा पाटात." रात्री गावात कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याची आमटी मिळाली. तांबूस, अंगावर रेघा असलेला हा घेवडा शिजल्यावर लोण्यासारखा मऊ होतो; २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमटीत भाकरी कुस्करून दोन वाट्या झाल्या, तरी हात थांबेना.

दुसरा दिवस : सातारा, कराड, खोडशी, शेणोली

सकाळच्या गाडीने कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर अशी स्थानके मागे टाकत कराडला आलो. मसूरच्या आसपास उसाचे फड दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की गाडी उसातूनच चालली आहे असे वाटते. तोडणी जोरात होती. पाचट जाळल्याचा वास, रिकाम्या फडात उतरलेले बगळे आणि कोपींसमोर चुलीचा धूर, हे सगळे खिडकीतून सरकत गेले.

कराडचे स्थानक ओगलेवाडीत आहे. ओगले बंधूंचा काच कारखाना इथला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी होता. मामांच्या लहानपणी घरात तोच कंदील असे. काच पुसण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि राख नेमकी किती घ्यायची हे त्यांना आजही आठवते. कारखाना त्या वेळच्या औंध संस्थानात होता. म्हणजे काल ज्यांचे देऊळ पाहिले त्याच पंतप्रतिनिधींच्या घराण्याचा हा मुलूख.

प्रथम प्रीतिसंगमावर जाऊन आलो. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र वळतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. सकाळची वेळ असल्याने शाळेची सहल आली होती आणि शिक्षिका मुलांना दोन नद्यांच्या पाण्याचे वेगवेगळे रंग दाखवत होत्या.

तिथून खोडशीचा बंधारा. मामा इथे आल्यावर काही वेळ बोलले नाहीत. दगडी बांधावरून पाण्याचा पातळ पडदा पडत होता, आणि एका बाजूला पाटाचे मुख होते. लोखंडी दारे, त्यांच्यावर उभे जाड आट्यांचे दांडे आणि दार वर-खाली करायची चाके. मामांनी एका आटेदार दांड्याला बोट लावून वंगण पाहिले. काळे, ताजे वंगण होते. त्यांनी ते बोट रुमालाला पुसले आणि समाधानाने मान हलवली. "गेट सुकं राहिलं की ऐन पाळीत अडकतं. मग खालची माणसं आपल्या नावानं बोटं मोडतात." दारांखालून पाणी घुसळत बाहेर येत होते आणि वीस-पंचवीस पावलांवर ते अगदी शांत, हिरवट होऊन पुढे निघत होते. रब्बीचे आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी सोडण्याची पाळी, चालू होती. मामांनी वाळकी काटकी पाण्यात टाकली, मनगटावरच्या घड्याळात पाहिले आणि म्हणाले, "चल. आपण हिच्या आधी टेलाला पोचतो का बघू."

सैदापूरहून पुढे पाटाच्या भरावावरचा रस्ता लागला. हा खात्याच्या देखभालीचा रस्ता. कुठे मुरूम, कुठे गवतातली एकच चाकोरी, तर कुठे गावाच्या कामाचा डांबरी तुकडा. सायकलीला मात्र यासारखी वाट नाही. पाट जमिनीच्या उंचीचा माग काढत जातो, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. पाण्याचा उतार तोच आपला उतार. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला भरावाखाली शेती. रस्त्यापेक्षा आपण पुरुषभर उंचावर असतो, म्हणून उसाच्या तुऱ्यांवरून नदीकाठची झाडे आणि पलीकडे साखर कारखान्याची धुराडी दिसतात. भरावावरच्या बाभळींतून खंड्या पाण्यावर झेप घेत होता. धुणे धुणाऱ्या बायका, म्हशी धुणारी मुले, पाण्याच्या मोटारीचा फूटबॉल (फूटव्हॉल्व्ह) उघडून बसलेला एक शेतकरी, सगळे दोन घटका थांबून विचारत, "कुठनं आलासा?"

मामांना ओळखणारी माणसे वडगाव हवेलीच्या अलीकडेच भेटू लागली. एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने त्यांना लांबून ओळखले आणि धोतराचा सोगा खोचत धावत आला. "साहेब, सायकलवर?" दोघे भरावावर बसून पाऊण तास बोलले. कोणती मोरी गळत होती, कोणत्या चारीवरून (पाटाच्या फाट्यावरून) भांडण झाले होते, कोणत्या वर्षी ऐन पाळीत भराव फुटला आणि रात्रभर वाळूची पोती टाकली. माझ्या लक्षात आले की मामांना हा पाट दगडामातीचा म्हणून आठवत नाही. प्रत्येक मोरीला त्यांच्या मनात एका माणसाचे नाव आहे.

रस्त्यात एकदा चुकलोही. एका ठिकाणी मोठ्या चारीचा बांध हाच मुख्य भराव समजून मी पुढे झालो आणि दीड किलोमीटरवर उसाच्या फडात वाट संपली. मामा मागून सावकाश आले. "पाणी कुठल्या बाजूला जास्त आहे ते बघायचं. रस्ता बघून पाट कळत नाही." ही सूचना इथे मुद्दाम नोंदवतो.

दुपारी एका गुऱ्हाळावर थांबलो. काहिलीत रस उकळत होता, वरची मळी झाऱ्याने काढली जात होती आणि गुळव्या बोटांत पाक धरून तार पाहत होता. त्याने जुन्या वर्तमानपत्रावर ताजा कोमट गूळ दिला, बरोबर शेंगदाणे. काकवीची बाटली मी घेतली आणि ती पुढे दोन दिवस सायकलवर सांभाळत आणावी लागली. मुक्काम शेणोलीजवळ मामांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मळ्यातल्या घरी केला. वहिनींनी ज्वारीची भाकरी, भरले वांगे, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि गाडग्यातले दही वाढले. रात्री थंडी इतकी होती की दोन वाकळा घेतल्या, आणि मध्येच जाग आली तेव्हा दूरवरून रात्रीच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. एरवी आम्ही त्याच गाडीत झोपलेले असतो.

पाटावरून जायचे असेल तर पावसाळा आणि पावसानंतरचे आठ-पंधरा दिवस टाळावेत. काळी माती चाकाला आणि ब्रेकला इतकी चिकटते की सायकल ढकलताही येत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गळीत हंगामामुळे मुख्य रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची गर्दी असते, म्हणून अंधार पडल्यावर सायकल चालवू नये. पाटाच्या काठावर निसरडे असते आणि आवर्तनात पाण्याला ओढ असते. लहान मुले सोबत असतील तर पाण्याच्या बाजूला मोठ्या माणसाने राहावे.

तिसरा दिवस : शेणोली, सागरेश्वर, किर्लोस्करवाडी

सकाळी पहिल्यांदा शेणोलीच्या रुळांजवळच्या लहानशा स्मारकापाशी गेलो. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तूफान सेनेने, म्हणजे त्याच्या सशस्त्र दलाने, इथे ब्रिटिश सरकारच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. नेतृत्व जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्याकडे होते. मी या जागेवरून गाडीने शेकडो वेळा गेलो असेन, आणि दर वेळी ती दोन सेकंदांत मागे पडली. आज रुळांच्या कडेला उभे राहिलो तेव्हा कळले की वळण कुठे आहे, माणसे कुठे दबा धरून बसली असतील, गाडी किती लांबून दिसली असेल. तूफान सेनेचे निरोप पोहोचवणारे कडेगाव तालुक्यातील रामापूरचे गणपती बाळा यादव वयाची नव्वदी ओलांडल्यावरही सायकल चालवत असत. मामांनी टोपी काढली. मीही हात जोडले.

ताकारीकडून वर सागरेश्वराकडे वळलो. हा चढ होता आणि आमच्या नियमात बसत नव्हता. पण इथे गाडी नाही, म्हणून सायकली हातात धरून चाललो. सागरेश्वर अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे आहे, पण ते माणसांनी उभे केले आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडे लावण्याच्या या कामामागे धों. म. मोहिते यांचे आयुष्य आहे, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सायकली खाली ठेवून आम्ही पायी फिरलो. चितळांचा कळप दिसला. एका मादीने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि कान फडकवून पुन्हा चरू लागली. वरून खोरे संपूर्ण दिसते. नदीची चकाकी, रुळांची सरळ रेघ आणि या दोहोंच्या मधून कधी हिरव्या, कधी तपकिरी रंगात वळत गेलेला पाट. मामांनी बोटाने हवेत त्याची रेघ ओढली. पायथ्याजवळचे देवराष्ट्रे हे यशवंतरावांचे जन्मगाव. त्यांचे ते घर आज जपून ठेवले आहे. काल कराडला समाधी पाहिली आणि आज जन्मस्थान, हा क्रम उलटा झाला खरा, पण त्या लहान खोल्या पाहताना मन भरून आले.

उतरताना माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. सोबतची ट्यूब घातली. ताकारीच्या अलीकडे पुन्हा हवा गेली, आणि या वेळी व्हॉल्व्हचे बूडच फाटले होते. ठिगळ बसेना, आणि मिळाली असती ती ट्यूब पलूसला. मामांचा पाट मात्र सलग व्हायचा होता, आणि माझ्यासाठी त्यांनी तो तोडावा हे मला मान्य नव्हते. शेवटी असे ठरले की मामांनी पाटाने पुढे जायचे आणि मी सायकल पिशवीत घालून ताकारीहून पॅसेंजरने किर्लोस्करवाडी गाठायची. चौसष्ट वर्षांच्या माणसाला एकटे सोडताना माझ्या जिवाला घोर होता. मामा पाण्याची बाटली भरून, टोपी घट्ट बसवून निघूनही गेले.

गाडीला अजून बराच वेळ होता. तिकीट काढून मी बाकावर बसलो. गाडी आली, निघाली, आणि मी नदीच्या बाजूची खिडकी धरली. पाट काही वेळ उसाआड होता, मग एकदम उघड्यावर आला, आणि त्याच्या भरावावर, दोन बाभळींच्या मध्ये, एक पांढरी टोपी संथपणे पुढे सरकताना दिसली. मी खिडकीच्या गजांतून हात काढता येईल तितका बाहेर काढला आणि हाक मारली. ती पोहोचणे शक्यच नव्हते. तरी मामांनी गाडीकडे पाहिले, एक हात सोडून वर केला आणि लगेच मुठीवर परत ठेवला. आठ-दहा सेकंद आम्ही सोबत होतो. मग गाडी पुढे गेली. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारले, "कोण तुमचे?" मी सांगितले, "मामा." पुढे बोलता आले नाही.

किर्लोस्करवाडीच्या फलाटावर पंक्चर झालेली सायकल घेऊन उतरलो, तेव्हा एक गोष्ट आठवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानानेच झाली होती. पुढे लोखंडी नांगर आले आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर ही वसाहत उभी राहिली. त्या वेळी या स्थानकाचे नाव कुंडल रोड होते. माहुलीचे देऊळ, ओगलेवाडीची काच आणि ही वाडी या तिन्हींना एकाच घराण्याचा हात लागला आहे, हे सायकलीच्या गतीने आल्यामुळे नीट उमजले. गाडीत ही नुसती स्थानकांची नावे असतात.

मामा तासाभराने आले. कपाळावर घाम होता, चेहरा उजळला होता. त्यांना वाटेत हुरड्याचा आग्रह झाला होता आणि माझ्या वाटणीचा हुरडा त्यांनी रुमालात बांधून आणला होता. पलूसला ट्यूब मिळाली; मी दोन घेतल्या.

ज्यांच्याकडे घडीची सायकल नाही त्यांनी सातारा, कराड, सांगली, मिरज अशा मोठ्या स्थानकांवर ती सामानाच्या डब्यात नोंदवून न्यावी आणि नाव, गाव, उतरण्याचे स्थानक लिहिलेली पक्की चिठ्ठी तिला बांधावी. लहान स्थानकांवर गाडी एक-दोन मिनिटेच थांबते. तिथे घडीची सायकलच उपयोगी. दुसऱ्या वर्गात माणशी ३५ किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते, त्यामुळे वजनाचा प्रश्न येत नाही. इतर प्रवाशांची वाट अडू न देणे आपल्याच हातात आहे. बाभळीच्या मुलखात दर माणशी दोन ट्यूब, ठिगळांची डबी आणि पंप हवाच.

चौथा दिवस : पलूस, औदुंबर, वसगडे, सांगली

पलूसच्या द्राक्षबागांत तोडणी सुरू होती. बागेत वाकून शिरावे लागते आणि डोक्यावर घडांचे छत असते. एका बागायतदाराने घड तोडून दिला आणि मण्यांवरची पांढरट लव पुसू नका, ती तशीच असेल तर माल ताजा समजायचा, असे सांगितले. आमणापूरवरून भिलवडीला आलो. चितळ्यांची डेअरी १९३९ मध्ये इथेच सुरू झाली. चहाच्या टपरीवर घट्ट दुधाचा चहा मिळाला.

पूल ओलांडून औदुंबरला गेलो. नदीकाठच्या त्या सावलीत दुपारीही थंडावा असतो. दत्ताचे दर्शन घेऊन घाटावर बसलो. एका भिंतीवर २०१९ च्या महापुराची पाण्याची खूण होती. मी हात वर केला तरी ती माझ्या बोटांच्या वर राहिली. समोर मात्र कृष्णा इतकी शांत होती की होडीवाल्याचे वल्हे पाण्यातून निघताना थेंब पडलेला ऐकू येत होता.

परत भिलवडीला येऊन पाट धरला. आता तो ओळखू येत नव्हता. खोडशीला ज्याच्या काठावर उभे राहून बोलताना आवाज चढवावा लागला होता, तो इथे लहान झाला होता, आणि दर चारीला आणखी लहान होत होता. वसगड्याच्या शिवारात आम्ही उतरलो आणि शेवटचा तुकडा चालत गेलो. पाट संपतो म्हणजे काय होते, याची मला उत्सुकता होती. तिथे मोठे काही नव्हते. एक सिमेंटची चौकट, तिच्यातून निघालेली हातभर रुंदीची सारणी, आणि पुढे गव्हाचे वाफे. एक बाई साडीचा काष्टा मारून, अनवाणी, दारे धरत होत्या. एक वाफा भरला की खोऱ्याच्या दोन फटक्यांत तोंडाला माती ओढायच्या आणि पुढच्याचे तोंड फोडायच्या. पाणी क्षणभर थांबे, मग कोरड्या भेगांत शिरून बुडबुडे काढत पसरे.

मामांनी विचारले, "टेलाला पाणी येतं का वेळेवर?"

"औंदा आलं," त्या म्हणाल्या. "गेल्या पाळीला चार दिस वाट बघितली." मग त्यांनी त्यांच्या टोपीकडे आणि सायकलीकडे पाहिले. "तुमी कुठलं?"

"वरनं आलो. खोडशीस्नं."

"पाण्याबरूबर?"

"पाण्याबरोबर," मामा म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, सारणीत उतरले, आणि बाई नको नको म्हणत असताना त्यांच्या हातातले खोरे घेऊन पुढच्या दोन वाफ्यांची दारे त्यांनी धरली.

नांद्र्याहून संध्याकाळची पॅसेंजर मिळाली. सायकली घडी करून पिशव्यांत घातल्या, तेव्हा मामांच्या पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. सांगली येईपर्यंत त्यांनी तो झटकला नाही.